मंदीत पैसा कुठे ठेवावा? आधी कडबा भरा

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळाबद्दल सांगायची तेव्हा धान्यापेक्षा बैलांविषयी जास्त बोलायची. माणसं मिलो आणि सुकडी खाऊन जगली, खडी फोडायला गेली, पण दावणीची जनावरं जगवायची कशावर? आजोबांनी आमची जोडी बाजारात नेऊन उभी केली, तर तिथे त्यांच्यासारखेच शेकडो जण कासरे धरून उभे होते. घेणारा जवळजवळ कोणी नव्हता. बैल चांगले कामाचे होते, तरी आदल्या वर्षीच्या चौथाई भावात द्यावे लागले. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पेरणी तोंडावर आली आणि तीच माणसं पुन्हा बाजारात गेली, या वेळी बैल घ्यायला. भाव कडाडलेले. आजोबांनी त्या वर्षी दुसऱ्याचं औत भाड्याने आणून शेत पेरलं.

गावातल्या एका घरी मात्र जुन्या कडब्याची गंज शिल्लक होती. त्यांनी बैल विकले नाहीत. आजी म्हणायची, "ते काही आमच्यापेक्षा शहाणे नव्हते गं, त्यांच्याकडे कडबा होता."

मी सोलापुरात लहान दुकानदारांची आणि गाडीवाल्यांची खाती लिहिते, त्यांची रिटर्न भरते. २००८ची पडझड आणि २०२०ची पडझड, दोन्ही मी लोकांच्या हिशेबाच्या वह्यांतून बघितल्या. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. मंदीत माणसाचं खरं नुकसान भाव पडल्यामुळे होत नाही. पडलेल्या भावात विकायची वेळ आल्यामुळे होतं. म्हणून मंदीतली शहाणी गुंतवणूक म्हणजे आधी विकायची वेळ येणार नाही अशी सोय करणं, आणि त्यानंतर काय विकत घ्यायचं ते ठरवणं. बहुतेक लोक हे नेमकं उलट्या क्रमाने करतात.

आधी मंदी म्हणजे काय ते बघू. देशात तीन महिन्यांत जेवढा माल बनतो आणि जेवढ्या सेवा दिल्या जातात त्यांची एकूण किंमत म्हणजे त्या तिमाहीचं सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजेच जीडीपी. ते मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सलग दोन तिमाही कमी भरलं, की आपल्याकडे तांत्रिक अर्थाने मंदी आली असं म्हणतात. वाढीचा वेग सात टक्क्यांवरून पाचवर येणं ही सुस्ती झाली. गाडी हळू चालते, पण पुढेच जाते. मंदीत ती मागे येते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत आपला जीडीपी २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज जाहीर झाला, पुढच्या तिमाहीतही घट निघाली.

आता शेअर बाजाराच्या तारखा याच्या शेजारी ठेवून बघा. जानेवारी २०२०मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांच्या भावांचा निर्देशांक, ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्चला, म्हणजे देशभरातल्या टाळेबंदीची घोषणा व्हायच्या आदल्या दिवशी, तो एकाच दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला आणि २५,९८१वर बंद झाला. पडझड इतकी वेगात होती की सकाळी पाऊण तास व्यवहारच थांबवावे लागले. तोच त्या पडझडीचा तळ ठरला. २३.९ टक्के घटीचा आकडा आला ३१ ऑगस्टला. त्या दिवशी सेन्सेक्स ३८ हजारांच्या वर होता. सलग दुसऱ्या तिमाहीतही घट झाल्याचं, म्हणजे मंदीचं, सरकारी शिक्कामोर्तब २७ नोव्हेंबरला झालं. सेन्सेक्स त्याआधीच, ९ नोव्हेंबरला, ४२,५९७वर पोहोचून जुना उच्चांक ओलांडून गेला होता.

हे विचित्र वाटतं, पण त्यामागे सरळ कारण आहे. शेअरचा भाव म्हणजे त्या धंद्यातून पुढच्या कित्येक वर्षांत काय मिळेल याचा आजचा अंदाज. जीडीपीचा आकडा म्हणजे होऊन गेलेल्या तीन महिन्यांचा हिशेब. एक पुढे बघतो, दुसरा मागे. म्हणून "मंदी संपल्याची बातमी आली की बाजारात पैसे टाकतो" म्हणणाऱ्याची गाडी नेहमी सुटते. आणि "अजून पडेल, मग घेतो" म्हणणाऱ्याला तळ कधी आला ते पुढे सहा महिन्यांनी कळतं. तळ गाठायचा नाद मी कोणालाच लावत नाही. २३ मार्चच्या संध्याकाळी तो तळ आहे हे कोणालाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

माझ्या मावसभावाचा हिशेब

माझा एक मावसभाऊ आहे. त्याच्या दोन गाड्या आहेत, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर अशी भाविकांची भाडी तो करतो. मार्च २०२०मध्ये देवळं बंद झाली आणि त्याच्या दोन्ही गाड्या दारात उभ्या राहिल्या. त्याचा आकडा मला पाठ आहे, कारण त्या आठवड्यात आम्ही फोनवर तो चार वेळा मांडला होता. दोन गाड्यांचा मिळून महिन्याचा हप्ता ३१ हजार. घरखर्च २० हजार. बचत खात्यात १८ हजार. आणि तिसऱ्या गाडीसाठी साठवलेले चार लाख, सगळेच्या सगळे शेअर बाजारातल्या म्युच्युअल फंडात.

त्या चार लाखांचे अडीच लाख झाले होते. "ताई, उद्या शून्य होतील, त्याआधी काढतो," म्हणाला. मी म्हटलं, थांबता येईल का? तर म्हणाला, "थांबून हप्ता कशाने भरू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने पैसे काढले. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने हप्ते तीन महिने लांबवायची मुभा दिली, ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, पण तोवर त्याची विक्री होऊन गेली होती. हप्ता लांबवला तरी व्याज चालूच राहतं, हेही लोकांना नंतर कळलं.

राज्यातली देवळं १६ नोव्हेंबर २०२०ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. ज्या महिन्यात विठ्ठलाचं दार उघडलं, त्याच महिन्यात सेन्सेक्स जुन्या उच्चांकाच्या वर गेला. त्याचे चार लाख तोपर्यंत पुन्हा चार लाख झाले असते. बाजाराने त्याला फसवलं नव्हतं आणि तो घाबरटही नव्हता. त्याच्याकडे कडबा नव्हता.

मग कडबा किती लागतो? त्याचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ५१ हजार. सहा महिन्यांचे झाले तीन लाख सहा हजार. म्हणजे त्याच्या चार लाखांतले तीन लाख मुळात बाजारात जायलाच नको होते. हे वाक्य मी त्याला पुढे वर्षभराने, चहा पिताना, जपून सांगितलं. पगारदार माणसाने सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा असं साधारण म्हणतात. मी म्हणते ज्याचं उत्पन्न हंगामी आहे, धंद्याचं आहे, त्याने नऊ ते बारा महिन्यांचा ठेवावा. खर्च मोजताना हप्ते, मुलांची फी, विम्याचा हप्ता, आईवडिलांची औषधं, सगळं धरायचं. हॉटेल आणि सहली सोडून द्यायच्या.

हा पैसा कमावण्यासाठी नसतो. तो लागेल तेव्हा पूर्ण मिळाला पाहिजे, एवढंच त्याचं काम. थोडा बचत खात्यात, बाकीचा दोन वेगळ्या बँकांत लहान लहान एफडी करून. एकच मोठी एफडी केली तर वीस हजारांसाठी तीन लाखांची पावती मोडावी लागते. "चार टक्क्यांवर पैसा सडतोय" असं कोणी म्हणालं तर खुशाल म्हणू द्या. दुष्काळ नसलेल्या वर्षी कडब्याची गंजही नुसती जागा अडवते.

कडबा भरण्याच्याही आधीचं एक काम आहे, ते म्हणजे महाग कर्ज फेडणं. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला तीन ते साडेतीन टक्क्यांनी वाढते, वर्षाला ३६ ते ४२ टक्के. हे व्याज भरत असताना बारा टक्क्यांच्या आशेने एसआयपी (दर महिन्याला ठरावीक रक्कम फंडात टाकणं) करणं म्हणजे तळाला भोक असलेल्या हंड्यात पाणी भरणं. कोणतीही प्रामाणिक गुंतवणूक वर्षाला ३६ टक्के खात्रीने देत नाही. कार्डाची थकबाकी फेडली की तेवढे खात्रीने वाचतात. पर्सनल लोनचंही तसंच. घराच्या कर्जाची मात्र एवढी घाई नको. मंदीत रिझर्व्ह बँक सहसा दर खाली आणते, त्यामुळे बदलत्या दराचं गृहकर्ज स्वस्त होतं. हातातली सगळी रोकड गृहकर्जात भरून टाकली आणि महिनाभराने नोकरी गेली, तर बँक ती रोकड परत देत नाही.

आणि आरोग्य विमा. कंपनीने दिलेला विमा नोकरीबरोबर जातो. नोकरी असतानाच घरच्यांसाठी स्वतंत्र पॉलिसी घेतलेली असली पाहिजे, कारण आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मंदीत आजार थांबत नाहीत. एका ऑपरेशनने बैलजोडी विकायला लावलेली घरं माझ्या वह्यांत आहेत.

ठेव सुरक्षित आहे, पण किती?

मंदीच्या बातम्या सुरू झाल्या की पुष्कळ जण बाजारातून पैसे काढून "सुरक्षित" जागी ठेवतात. आपल्याकडे सुरक्षित म्हणजे ओळखीच्या माणसाची बँक, नाहीतर चौकातली पतसंस्था. इथे थोडं थांबून नियम समजून घ्यायला हवेत.

बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेचा विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२०पासून ही मर्यादा पाच लाख रुपये आहे. त्याआधी १९९३पासून ती एक लाखच होती. पाच लाख म्हणजे एका माणसाचे एका बँकेतले सगळे मिळून पाच लाख. त्यात बचत खातं, चालू खातं, एफडी, रिकरिंग, त्यांचं व्याज आणि बँकेच्या सगळ्या शाखा आल्या. सात रस्त्याच्या शाखेत पाच आणि होटगी रोडच्या शाखेत पाच ठेवले तर दहाला विमा मिळत नाही. बँक वेगळी हवी. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे.

पतसंस्थेला तो लागू नाही. मल्टिस्टेट सोसायटीला, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी संस्थेला, नाही. कंपनीच्या ठेवींनाही नाही. दारावर "बँक" अशी पाटी नसलेल्या ठिकाणी दोन टक्के जास्त व्याज मिळतं ते याच धोक्याचं मोल असतं. २०२३ साली बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे व्यवहार ठप्प झाले तेव्हा मराठवाड्यातल्या हजारो घरांना हा फरक कळला. ऊसतोडीचे, निवृत्तीचे, मुलीच्या लग्नाचे पैसे होते ते.

विमा असलेल्या बँकेतही पैसा अडकतो. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. पुढे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. बँकेच्या कर्जातलं सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे होतं. ठेवीदाराला हे कसं कळावं? कळत नाही. म्हणूनच एका बँकेत सगळं ठेवायचं नाही. २०२१मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आता असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम साधारण नव्वद दिवसांत मिळायची तरतूद आहे. म्हणजे तीन महिने तरी दुसऱ्या बँकेतल्या पैशावर घर चाललं पाहिजे. कडबा दोन ठिकाणी ठेवा असं मी म्हणाले ते यासाठी.

व्याजदराचा खेळही समजून घ्या, विशेषतः घरात निवृत्त माणसं असतील तर. मंदीत रिझर्व्ह बँक रेपो दर कमी करते. रेपो म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो दर. २७ मार्च २०२०ला तो ५.१५वरून ४.४० टक्क्यांवर आला, २२ मेला ४ टक्क्यांवर. कर्जं स्वस्त झाली, पण ठेवीही स्वस्त झाल्या. १ एप्रिल २०२०ला पीपीएफचा दर ७.९वरून ७.१ झाला, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा ८.६वरून ७.४. मोठ्या बँकांची एक वर्षाची एफडी पाच टक्क्यांच्या आसपास आली, आणि त्या वर्षी महागाई सरासरी ६.२ टक्के होती. लाखाच्या एफडीवर पाच हजार मिळाले आणि लाखाचा किराणा सहा हजारांनी महागला. पावतीवर रक्कम वाढलेली दिसते, पण बाजारात तिला पूर्वीएवढं सामान येत नाही.

यावर उपाय म्हणजे ठेवींची शिडी. समजा दहा लाख आहेत. दोन-दोन लाखांच्या पाच एफडी करायच्या; एक वर्षाची, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांची. दरवर्षी एक सुटते, ती पुन्हा पाच वर्षांसाठी टाकायची. दर पडले तरी चार पावत्या जुन्या चढ्या दराने चालू राहतात. दर वाढले तर सुटलेली पावती नव्या दराने लागते. ज्येष्ठ नागरिक योजनेत आणि पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात पैसे टाकताना त्या दिवशीचा दर पूर्ण मुदतीसाठी पक्का होतो, पीपीएफमध्ये तसं होत नाही, तिथे सरकार दर तिमाहीला दर ठरवतं. साठी ओलांडलेल्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

"डेट फंड म्हणजे एफडीच" असं सांगणारेही भेटतात. तसं नसतं. हे फंड कंपन्यांना आणि सरकारला कर्जाऊ पैसे देतात, आणि कंपनी बुडली तर त्यात तोटा होतो. २३ एप्रिल २०२०ला फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा डेट योजना एका रात्रीत बंद केल्या. त्यांत लोकांचे सुमारे पंचवीस हजार कोटी रुपये होते. पुढे पैसे हप्त्याहप्त्याने परत मिळाले, पण ऐन टाळेबंदीत ज्याला हवे होते त्याला मिळाले नाहीत.

आता बैलांकडे वळू

कर्ज फेडलं, कडबा भरला, विमा घेतला, आणि तरीही दर महिन्याला काही उरतं आहे. ते पैसे पुढची सात-आठ वर्षं लागणार नाहीत. मग मंदी हा घेण्याचाच काळ आहे, आणि त्यासाठी एसआयपीइतकी साधी रीत मला दुसरी माहीत नाही.

हिशेब करून बघा. दर महिन्याला ५,००० रुपये फंडात जातात. पहिल्या महिन्यात युनिटचा, म्हणजे फंडातल्या एका वाट्याचा, भाव ५० रुपये, १०० युनिट मिळाली. दुसऱ्या महिन्यात भाव ४०, १२५ मिळाली. तिसऱ्यात बाजार कोसळला, भाव २५, मिळाली २००. चौथ्यात पुन्हा ४०, १२५. पाचव्यात ५०, १००. एकूण घातले २५ हजार, युनिट झाली ६५०. शेवटचा भाव ५० धरला तर किंमत ३२,५००. भाव जिथून निघाला होता तिथेच परत आला, वर एक रुपयाही गेला नाही, तरी साडेसात हजार वाढले. त्यातले पाच हजार वाढले तिसऱ्या महिन्यातल्या दोनशे युनिटांमुळे, आणि बरेच जण नेमका तोच हप्ता बंद करतात. ज्याने पहिल्याच दिवशी पंचवीस हजार टाकले त्याची पाचशे युनिट, त्याचे पंचवीसचे पंचवीसच राहिले.

खरा बाजार पाच महिन्यांत सरळ होतोच असं नाही. जानेवारी २००८मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या वर जाऊन आला. सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बुडाली, ऑक्टोबरात एका दिवशी सेन्सेक्स ८ हजारांच्याही खाली उतरला. पुन्हा २१ हजार दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. जवळजवळ तीन वर्षं. त्यात १८ मे २००९सारखा दिवसही आला. लोकसभेचा निकाल लागल्यानंतरच्या त्या सोमवारी सेन्सेक्स एका दिवसात १७ टक्के चढला. जो त्या दिवशी बाहेर होता त्याचे ते सतरा टक्के गेले.

आणि जपानचंही बघा. तिथला निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ला ३८,९१५वर होता. तो आकडा त्याने पुन्हा ओलांडला २२ फेब्रुवारी २०२४ला. चौतीस वर्षांनी. "बाजार शेवटी वर येतोच" हे वाक्य मी कधीच बिनशर्त बोलत नाही, ते जपानमुळे. तेजीत भाव कुठल्या कुठे गेले असताना एकरकमी घातलेला पैसा पिढीभर अडकू शकतो. म्हणूनच थोडं थोडं घालायचं, आणि सगळं बाजारात घालायचं नाही.

पडझडीचं गणितही एकसारखं नसतं. शंभराचे पन्नास झाले तर पन्नास टक्के गेले, पण पन्नासाचे शंभर व्हायला शंभर टक्के वाढ लागते. २०२०मधल्या ३८ टक्के घटीतून वर यायला साधारण ६१ टक्के चढावं लागलं. म्हणून "आठशेचा शेअर दीडशेत मिळतोय, स्वस्त आहे" यावर भुलू नका. स्वस्त आणि पडलेला यांत फरक आहे. २००८च्या तेजीत सेन्सेक्समध्ये मानाने बसलेली रिलायन्स कम्युनिकेशन्स २०१९मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जानेवारी २००९मध्ये सत्यमच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं. निर्देशांक वर आला, या कंपन्यांचे भागधारक आले नाहीत. निर्देशांकातून अशक्त कंपन्या काढून टाकल्या जातात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या येतात, तुमच्या डिमॅट खात्यात, जिथे तुमचे शेअर जमा असतात, ही साफसफाई आपोआप होत नाही. नोकरी-धंदा सांभाळून कंपन्यांचे ताळेबंद वाचायला वेळ नसेल तर निफ्टी ५० या निर्देशांकाचा साधा, कमी खर्चाचा इंडेक्स फंड पुरतो, तो त्या निर्देशांकातल्याच कंपन्यांचे शेअर घेतो. कर्ज काढून, सोनं गहाण टाकून "खाली आलंय म्हणून" बाजारात उतरायचं तर अजिबात नाही. भाव आणखी पडले की कर्ज देणाऱ्याचा तगादा सुरू होतो, आणि मग आजोबांसारखंच, मिळेल त्या भावात विकावं लागतं.

सोन्याबद्दल विचारल्याशिवाय आमच्याकडे कोणी उठत नाही. संकटात सोनं चढतं हे पुष्कळदा खरं ठरलं आहे. ऑगस्ट २०२०मध्ये दहा ग्रॅमचा भाव ५६ हजारांवर गेला. पण तेव्हा घाईने घेतलेल्यांनी मार्च २०२१मध्ये तो ४५ हजारांच्या आसपास बघितला. म्हणून एकूण गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांच्या आसपास सोनं ठेवावं असं मला वाटतं, आणि तेही दागिन्यात नाही. दागिना मोडताना घडणावळ जाते. गुंतवणूक म्हणून हवं तर वेढणी किंवा गोल्ड ईटीएफ (शेअरसारखं घेता-विकता येणारं कागदी सोनं) बरं. घरातलं अंगावरचं सोनं मी हिशेबात धरतच नाही, ते मोडायची वेळ आली म्हणजे घराने बाकी सगळं संपवलेलं असतं.

प्लॉटबद्दल एवढंच: मंदीत प्लॉट स्वस्त मिळतो कारण तो विकला जात नाही. घेतल्यावर तुम्हालाही तो विकता येणार नाही. पाच गुंठ्यांतला अर्धा गुंठा विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही.

मंदीत आणखी एक पीक जोरात येतं, ते खोट्या योजनांचं. काम सुटलेलं असतं, एफडीचे दर उतरलेले असतात आणि त्या नेमक्या वेळी कोणीतरी आठवड्याला व्याज द्यायचं कबूल करतो. जानेवारी २०२५मध्ये दादरला टोरेसच्या दुकानासमोर जमलेली गर्दी आठवा. मोइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्यांवर दर आठवड्याला परतावा मिळेल असं सांगून लोकांकडून पैसे घेतले होते. त्यांत भाजीवाले होते, रिक्षावाले होते, घरकाम करणाऱ्या बायका होत्या. सुरुवातीचे हप्ते वेळेवर मिळतात, म्हणूनच माणूस शेजारणीलाही घेऊन जातो. ती शेजारीण पुढे आयुष्यभर बोलत नाही. मला या प्रकरणांचा फार संताप येतो, कारण बुडालेल्या माणसाला लोक लोभी म्हणतात. मी बघितलेले बहुतेक जण लोभी नव्हते, त्यांना दर महिन्याचा खर्च भागवायचा होता. एकच प्रश्न विचारायची सवय ठेवा: हा पैसा घेणारा तो कुठे लावून एवढं कमावतो? उत्तर एका वाक्यात समजलं नाही तर उठून यायचं. सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर तपासता येतो, त्याला दोन मिनिटं लागतात.

मावसभावाने २०२१पासून पुन्हा सुरुवात केली. आधी गाडीचं एक कर्ज संपवलं. मग दोन बँकांत मिळून आठ महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च जमवला, त्याला तीन वर्षं लागली, आणि त्या काळात बाजार चढत असूनही त्याने तिकडे बघितलं नाही. तेव्हा त्याचे मित्र त्याला हसत होते. त्यानंतर निफ्टीच्या फंडात महिन्याला तीन हजारांची एसआयपी.

७ एप्रिल २०२५ला अमेरिकेच्या आयात शुल्काच्या भीतीने सेन्सेक्स २,२२६ अंकांनी पडला. टीव्हीवर सगळं लाल. मीच न राहवून त्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी चैत्री एकादशी होती, तो पंढरपुरात गाडी घेऊन उभा होता आणि मागे टाळांचा आवाज येत होता.

"बाजार पडला का? बरं," म्हणाला. "ताई, माणसं उतरतायत, रात्री बोलतो."

रात्री फोन आला. मागचे दोन टायर बदलायला आले होते, ते आता घेऊ की पुढच्या महिन्यात, एवढंच त्याला विचारायचं होतं.